गुरन कितवा?

चवथीच्या दिवसांत आमच्या घरात पाय ठेवायला जागा नसते. मुंबईचे, पुण्याचे सगळे उतरलेले असतात. गणपतीच्या वर माटवी बांधलेली, तिच्यातल्या आंब्याच्या टाळ्यांचा, कवंडळांचा ओला रानवट वास, आणि मागच्या बाजूने आईच्या खतखत्यातल्या तिरफळांचा. यंदा या सगळ्यात आणखी एक वास मिसळला होता, डांबराच्या गोळ्यांचा आणि दमट कागदाचा. पुतणीने माळ्यावरची दादाची ट्रंक खाली काढून घेतली होती आणि पडवीत पालथी पडून ती इंद्रजाल कॉमिक्स वाचत होती. कडा कसरीने खाल्लेल्या, पिना गंजून पानांवर तांबडे डाग पडलेले. तिला त्याचं काही नव्हतं. भजनाची माणसं येऊन गेली, चहा झाला, ही वाचतेच आहे. मग मान वर न करताच तिने विचारलं, "आत्या, हा वेताळ एकविसावा ना? मग गुरन कितवा?"

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि गप्प राहिले. सुरण चिरता चिरता आईने विचारलं, "गुरन म्हणजे कोण गो?" म्हटलं, वेताळाचो सोबती. आई म्हणाली, "मगे तेका कोण मोजतलो?" आणि विळीवर पुढची फोड घेतली.

तिच्या लेखी विषय तिथे संपला. माझ्या डोक्यात मात्र तो विसर्जनानंतरही राहिला.

इंद्रजाल सुरू झालं १९६४ च्या मार्चमध्ये आणि बंद पडलं १९९० साली. या मधल्या वर्षांत मराठी वाचायला शिकलेल्या कुणाला वेताळ सांगत बसायला नको; बाकीच्यांसाठी एवढंच, की हा म्हणजे अमेरिकी चित्रमालिकेतला फँटम. आमच्या घरी तो चाकरमान्यांच्या पिशवीतून यायचा. काका गिरणीत होता. चवथीला आणि शिमग्याला येताना बिस्किटांचे पुडे, टॉर्चचे सेल, आईसाठी एखादं लुगडं, आणि तळाला, चुरगळू नयेत म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळलेली, दादरच्या फुटपाथवरून जुन्यात घेतलेली कॉमिक्स. दादा ती आधी वाचायचा, मग मी. दिवे जायचे रोजचेच, त्यामुळे माझा वेताळ बहुतेक कंदिलाच्या उजेडात वाचलेला आहे. त्याचा जांभळा पोशाख त्या उजेडात जवळजवळ काळा दिसायचा. १९८२ च्या संपानंतर काका यायचा तेव्हा पिशवी हलकी असायची. पुढे कॉमिक्स आली नाहीत. आली ती सगळी दादाने या ट्रंकेत राखली.

माझ्या मनात हा वेताळ आणि आमच्या आरवलीचा वेतोबा कधी एकमेकांपासून पूर्ण सुटे झालेच नाहीत. आरवली आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. वेतोबाच्या देवळात गेलं की माझी नजर आधी मूर्तीकडे जायचीच नाही. ती जायची चपलांकडे. नवसाच्या त्या प्रचंड चामडी चपला, एकेकीत माझे दोन्ही पाय मावतील अशा, आणि बाजूला केळीचे घड. देव रात्री गावाच्या शिवेवरून फिरतो, राखण करतो, म्हणून त्याच्या चपला झिजतात, म्हणून नव्या द्यायच्या. आजी हे सांगताना आवाज खाली घ्यायची. कॉमिकातला वेताळही रात्री जंगलातून फिरायचा, त्याला मरण नव्हतं, वाईट माणसांच्या जबड्यावर तो कवटीचा ठसा उमटवायचा. दोघांत मला काडीचाही विरोध दिसायचा नाही. एक आरवलीला राहतो, एक डेंकालीच्या जंगलात.

फरक एकच होता आणि तो मोठा होता. कॉमिकातल्या वेताळाचं गुपित आम्हांला माहीत होतं. १५३६ साली चाच्यांनी बुडवलेल्या जहाजातून एकच माणूस जिवंत किनाऱ्याला लागतो. तो कवटीवर हात ठेवून शपथ घेतो की मी आणि माझे वंशज चाचेगिरी, क्रौर्य, अन्याय यांच्याविरुद्ध लढू. तो मेला की मुलगा तोच पोशाख चढवतो, मग त्याचा मुलगा. जग समजतं की चारशे वर्षं एकच वेताळ हिंडतो आहे. आपल्या गोष्टीतला वेताळ त्या ओळीतला एकविसावा. गुहेच्या पोटात आधीच्या विसांची थडगी आहेत. म्हणजे हा वेताळ मुळी भूत नाहीच. भुताचा सगळा खेळ एका गोष्टीवर उभा आहे, की ज्यांना खरं ठाऊक आहे त्यांनी ते कधी बोलायचं नाही.

ठाऊक असलेली माणसं म्हणजे बंदर जमात. आणि त्यांचा सरदार गुरन.

गुरन आठवतो तो आधी त्याच्या टोपीने. बुटका माणूस, आणि डोक्यावर भाताच्या उडवीसारखी उंच गवताची टोपी, की उंची भरून निघावी. हातात धनुष्य, भात्यात विषारी बाण. बाहेरचं कुणी त्या रानात शिरायला धजत नाही ते वेताळाच्या भीतीने जितकं, तितकंच या बाणांच्या भीतीने. वेताळ गुहेकडे परततो तेव्हा वाटेत कुठेतरी झाडाआडून गुरन निघतो आणि सोबत चालू लागतो. मोहिमेवरून जखमी होऊन आला तर त्याला उतरवून घेणारा तोच. नगाऱ्यांवर दूरचा निरोप आला की तो ऐकून वेताळाला सांगणारा तोच. दोघे लहानपणी एकत्र खेळलेले. बाकी सगळं जंगल वेताळाकडे दबून बघतं, गुरन मात्र सरळ बघतो. चौकटीच्या कोपऱ्यात, अर्धा कापलेला, पण नजर सरळ. साय बॅरीने काढलेल्या चित्रांत हे फार स्पष्ट दिसतं. त्याने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून तीसेक वर्षं वेताळ काढला, आणि त्याचा गुरन कधी घाबरलेला मला आठवत नाही.

आता ट्रंकेतले सगळे अंक पुन्हा चाळले. वेताळांची गणती पहिल्यापासून एकविसाव्यापर्यंत चोख आहे. सातव्याने काय केलं, तेराव्याचं लग्न कसं झालं, असल्या गोष्टी येतात, कारण प्रत्येक वेताळ आपल्या मोहिमा जाड वह्यांत लिहून ठेवतो आणि त्या वह्या गुहेत रांगेने लावलेल्या आहेत. एकविसावा कधी अडला की त्यातली एखादी काढून वाचतो. म्हणजे चारशे वर्षांचा इतिहास एकाच घरच्या अक्षरात आहे. त्या चारशे वर्षांत बंदरांचेही सरदार झाले असतील. प्रत्येक वेताळाच्या मरणाला कुणीतरी बंदर हजर असेल, प्रत्येक नव्या पोराला पोशाख चढवताना कुणीतरी पाहिलं असेल, प्रत्येकाने आपल्या मुलाला बजावलं असेल की हे बाहेर बोलायचं नाही. त्यांची वही या ट्रंकेतल्या कुठल्याच अंकात नाही. पुतणीने बरोबर जागी बोट ठेवलं होतं.

आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात ते या दिवसांत मनातून जात नव्हतं. नारळ हातात घेऊन एक जण पुढे उभा राहतो, देवाला हाक मारतो, एकेक मागणं मांडतो. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान आपल्या परीन जा काय केल्यान असात, ता मानून घे रे म्हाराजा." आणि मागची सगळी माणसं एका आवाजात म्हणतात, "व्हय म्हाराजा." पुन्हा मागणं, पुन्हा "व्हय म्हाराजा." माझे बाबा आयुष्यभर त्या मागच्या माणसांत उभे राहिले. आमच्या घराला देवळात मान नाही, नारळ आमच्या हातात कधी आला नाही. पण बाबांचा आवाज मोठा होता, आणि मी लहानपणी त्यांच्या पायांशी उभी राहून पाहिलेलं आहे की मागून हुंकार कमी पडला तर पुढचा माणूस थांबतो. पुढचं वाक्य म्हणत नाही. वळून बघतो. मग मागची माणसं पुन्हा जोराने म्हणतात आणि गाऱ्हाणं पुढे सरकतं. सगळे गप्प बसले तर तो नुसता नारळ धरून उभा असलेला एक माणूस.

वेताळाच्या गोष्टीत जंगलातल्या जुन्या म्हणी येतात. वेताळाच्या रागाबद्दल, त्याच्या वेगाबद्दल, त्याचा चेहरा पाहणाऱ्याचं काय होतं त्याबद्दल. लहानपणी त्या वाचताना अंगावर काटा यायचा. आता वाचताना प्रश्न पडतो की या म्हणी रचल्या कुणी? वेताळ स्वतःबद्दल अशा म्हणी रचत बसणार नाही. त्या शेकोटीभोवती बसलेल्या माणसांनी रचल्या, एकाने दुसऱ्याला, बापाने मुलाला सांगितल्या. आणि त्या शेकोटीशी एखादा बंदर बसलेला असेल, ज्याला सगळं ठाऊक होतं, ज्याने मागच्या वेताळाला खांद्यावरून थडग्यापाशी नेलं होतं, आणि त्याने म्हण ऐकून मान डोलावली असेल. त्याचं ते मान डोलावणं नसतं तर पहिल्या पिढीतच संपलं असतं सगळं. वेताळ पोशाख घालतो, पण त्याला भूत बंदर करतात. गुरनची खरी जागा मला इथे दिसते. मारामारीत तो दुय्यमच आहे, पण तोंड मिटून राहणं हे या मालिकेतलं सगळ्यात अवघड काम आहे आणि ते त्याच्याकडे दिलेलं आहे. जग घाबरतं म्हणून विश्वास ठेवतं. तो विश्वास ठेवत नाही, त्याला माहीत आहे, आणि तरी तो सोबत आहे.

इथवर आलं की मला गुरनचा फार अभिमान वाटतो. आणि लगेच दुसरी गोष्ट टोचते.

सिंहासनावर बसलेला माणूस गोरा आहे. उंच, रुंद खांद्यांचा. त्याच्या पायांशी पानं गुंडाळलेले बुटके काळे लोक. गोष्टीचा आरंभ असा की बंदर हे वासाका नावाच्या धिप्पाड लोकांचे गुलाम होते, आणि पहिल्या वेताळाने वासाकांच्याच राक्षसदेवाच्या मूर्तीसारखा पोशाख करून, त्यांना भिववून बंदरांना सोडवलं. त्या उपकाराखाली मग बंदर वीस पिढ्या त्याच्या घराण्याची राखण करतात. सुरुवातीच्या काळात हे जंगल आशियाच्या बाजूचं होतं, पुढे ते आफ्रिकेत गेलं. जंगल हललं, बंदर होते तिथेच राहिले, त्याच पायरीवर. वेताळ लिहिणाऱ्या ली फॉकने नंतर आपलं जग पुष्कळ बदललं. लुआगा नावाचा निवडून आलेला काळा राष्ट्राध्यक्ष आणला, पेशाने डॉक्टर, शहाणा आणि धीराचा. वेताळ त्याच्याशी बरोबरीने बोलतो. पण गुहेच्या दारात काही बदललं नाही. गुरनला आपलं स्वतःचं काही हवं होतं का, त्याला कधी या राखणीचा कंटाळा आला का, हे त्याला कुणी विचारत नाही.

हे मला टोचतं, कारण अशी माणसं मी घरात पाहिली आहेत. कोकणात उत्तरेकडे खोत होते, आमच्याकडे भाटकार, म्हणजे जमीनदार. आमचे आजोबा कूळ. माड त्यांनी शिंपले, आंबे त्यांनी राखले, आणि भाटात जे पिकलं त्यातलं काय ठेवायचं ते भाटकाराने ठरवलं. कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ ला कसणारा मालक ठरला, यथावकाश घराखालची जमीन आमच्या नावावर झाली. तरी आजोबा जिवंत होते तोवर मोसमातल्या पहिल्या हापूसची पाटी भाटकाराच्या घरी जायची. कुणी मागत नव्हतं. बाबा चिडायचे, म्हणायचे, आता तरी पुरे करा. आजोबा उत्तर द्यायचे नाहीत, पाटीवर गवत पसरून डोक्यावर घेऊन चालू लागायचे. मी त्यांच्याबरोबर गेले आहे. भाटकाराचे वडील आणि आमचे आजोबा ओसरीवर बसून बोलायचे, एक बाकावर, एक खाली पायरीवर. हसायचे. एकमेकांच्या लहानपणच्या गोष्टी काढायचे, आंबे कुठल्या कलमाचे ते वासावरून ओळखायचे. ती मैत्री खोटी नव्हती. आणि ती पायरीही खोटी नव्हती. कुठली जास्त खरी होती हे मी आजही सांगू शकत नाही.

चरीच्या शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध संप पुकारला तो १९३३ साली. बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं ते १९३७ साली. आणि या दोन्हींच्या मधोमध, १९३६ च्या फेब्रुवारीत, अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत वेताळ अवतरला. या तारखांचा एकमेकींशी संबंध नाही. पण मी त्या शेजारी शेजारी ठेवते, कारण ज्या वर्षांत इकडे पिढ्यान्‌पिढ्या राबणारी माणसं वाकायचं नाकारत होती, त्याच वर्षांत तिकडे कागदावर पिढ्यान्‌पिढ्या राखण करणारी जमात जन्माला येत होती. आणि तीच जमात पुढे मराठी होऊन, एका गिरणी कामगाराच्या पिशवीतून, एका कुळाच्या नातीच्या हातात पडली. मी वेताळावर प्रेम केलं ते खरं, पण पान उलटताना मी नेहमी गुरनला शोधायची. दादाला वेताळ व्हायचं असायचं, पांढऱ्या घोड्यासाठी तो केळीचं सोपट धरून अंगणभर धावायचा. मला त्याने गुरन केलं की मी कधी तक्रार केली नाही. टोपीसाठी आईचं सूप डोक्यावर घ्यायचे आणि माडाच्या बुंध्याआड दबा धरून बसायचे. तिथून सगळं दिसायचं. कोण येतं, कोण जातं, दादा कुठे लपला आहे.

पुतणीला मी परवा फोनवर एवढंच सांगितलं की गुरनचा नंबर त्यांनी लिहिलेला नाही. ती म्हणाली, मग आपण लिहू या. तिच्या वयात हे इतकं सोपं असतं याचा मला आनंद झाला. तिने एका वहीत सुरुवातही केली आहे. पहिल्या गुरनला तिने बाई केलं आहे. का, असं विचारलं तर म्हणाली, किनाऱ्यावर वाहून आलेल्या माणसाला पाणी कुणीतरी पाजलं असेल ना.

मला स्वतःला मात्र दुसरीच जागा लिहिलेली हवी आहे. एकविसावा वेताळ अमेरिकेत शिकायला असतो. अभ्यासात हुशार, खेळात हुशार, हवं ते करू शकला असता. मग गुरनकडून त्याला निरोप मिळतो की बाप अंथरुणाला खिळलाय, वाचणार नाही. तो सगळं टाकून निघतो. कॉमिकात या प्रवासाला फार जागा नाही. पोरगा जंगलात पोचतो, बाप जातो, शपथ होते, नवा वेताळ गुहेबाहेर पाऊल टाकतो. पण ज्या दिवसांत म्हातारा वेताळ गुहेत तापाने फणफणला होता आणि तरुण वेताळ अजून समुद्रावर होता, त्या दिवसांत जंगलाची राखण कोण करत होतं? चाचे होतेच. लुटारू होतेच. एखाद्याने जरी ओळखलं असतं की गुहेत कुणी नाही, तर चारशे वर्षं तिथेच संपली असती. आणि कुणी ओळखलं नाही. म्हणजे त्या रात्रींत बंदर शिवेवर फिरले असतील. वेताळाच्या नावाने नगारे वाजवले असतील. कुणी घोड्याचा आवाज ऐकू जाईल इतपत लांबून घोडा दामटला असेल. गुहेत एक जण म्हाताऱ्याच्या कपाळावर ओली फडकी ठेवत बसला असेल आणि बाहेर येऊन विचारणाऱ्यांना म्हणाला असेल, मालक मोहिमेवर आहेत. स्वतःच्या मित्राचा बाप मरतो आहे याचं दुःखही त्याला चेहऱ्यावर येऊ देता आलं नसेल, कारण भूत मरत नसतं.

ली फॉक १९९९ साली गेला, शेवटपर्यंत वेताळ लिहीत होता. मालिका इतरांच्या हातांनी चालू आहे. त्यांच्यापैकी कुणी ते दिवस लिहिले तर मी ते विकत घेऊन वाचेन, एकदा स्वतःसाठी आणि एकदा आईला मोठ्याने. त्यात वेताळ एकाही चौकटीत नसला तरी चालेल. मला हवंय ते एवढंच, की त्या गुरनला त्या रात्रींत झोप आली का, तो घरी बायकोला काय सांगत होता, आणि मित्राची बोट किनाऱ्याला लागल्यावर त्याला आधी मिठी मारावीशी वाटली की त्याच्यावर ओरडावंसं वाटलं, की इतके दिवस कुठे होतास.